पार्लरताईंचा डावा खांदा

गल्लीतल्या बायका तिला पार्लरताई म्हणत, आणि हे नाव इतकं रुळलं होतं की सामान पोचवायला येणारा माणूससुद्धा दारात उभा राहून तीच हाक मारायचा. घराच्या पुढच्या खोलीत तिचं पार्लर होतं. एक खुर्ची, समोर भिंतभर आरसा, कोपऱ्यात केस धुवायचं बेसिन आणि वाट बघणाऱ्यांसाठी एक लांब बाक, बस. तिने कापलेले केस वाढतानासुद्धा शिस्तीत वाढतात, असं बायका म्हणायच्या. खणखणीत प्रकृतीची, पन्नाशी ओलांडलेली बाई. दुखणंखुपणं काढून बसायची तिला सवय नव्हती.

एका सकाळी ती बँकेतल्या बाईंचे केस वाळवत होती. उजव्या हातात ड्रायर आणि डाव्या हातात गोल ब्रश. ब्रश मागून टाळूवर न्यायचा म्हणून तिने डावा हात उचलला आणि तो अर्ध्यावरच अडला. दुखलं म्हणावं तर दुखलंही, पण त्याहून चमत्कारिक म्हणजे हात तिचं ऐकेचना. तिने ड्रायर बंद केला. बँकेतल्या बाई आरशातून तिच्याकडे बघत होत्या आणि ती आरशात स्वतःच्याच दंडाकडे बघत होती.

आधीचे काही आठवडे खांदा कुरकुरत होता, नाही असं नाही. त्या कुशीवर झोपलं की ठणकायचा. पण तिला कळत नव्हतं ते वेगळंच. कात्री उजव्या हातात, ड्रायर उजव्या हातात, भांडी घासायची तीही उजव्याने. दुखायचंच होतं तर उजव्याने दुखायला हवं होतं. डाव्याने आजवर केलं काय होतं? नुसता कंगवा धरला होता.

हा प्रश्न तिने बाकावर बसलेल्यांना विचारला आणि तिथेच चुकलं. एकीने शेक सांगितला, दुसरीने बर्फ. तिसरी म्हणाली की हात अजिबात हलवू नका. चौथी म्हणाली, हलवला नाहीत तर कायमचा जाईल. प्रत्येकीच्या ओळखीत कोणीतरी नेमकं असंच होऊन ठणठणीत बरं झालेलं होतं. तिने सकाळी शेक घेतला, दुपारी बर्फ लावला आणि संध्याकाळी कशाने वाढलं हे कळायला मार्ग उरला नाही.

नवरा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता. त्याला जगातली कुठलीही गोष्ट अडली की ती वंगणावाचून अडली आहे असं वाटायचं. त्याने रोज तेल लावून खांदा चोळून दिला. मनापासून चोळला. तिच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि तो म्हणायचा, बघ, मोकळं होतंय.

शेवटी ती चपलांच्या दुकानावर असलेल्या एका दवाखान्यात गेली. तिथला फिजिओथेरपिस्ट धिप्पाड गडी होता. बोलणं असं ठाम की त्याच्यासमोर शंका काढायची सोय नव्हती. त्याने हात थोडासा उचलून पाहिला, ती कळवळली, आणि त्याने निकाल दिला: स्नायू दुखावलाय, विश्रांती हवी. लाल दिव्याचा शेक दिला, हात स्लिंगमध्ये घालून गळ्यात अडकवला आणि सांगितलं, याला आता काही करायला लावू नका.

तिने ते अक्षरशः पाळलं. पार्लरवर पाटी लावली. हात छातीशी घेऊन घरभर फिरू लागली. दुखणं थोडं दबलं, पण आठवडे गेले तसा हात लाकडासारखा झाला. पाठीमागचा हूक लावता येईना. खिडकीची वरची कडी लागेना. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिला स्वतःचे केस बांधता येईनात. आयुष्यभर दुसऱ्यांची डोकी सावरली, आणि आता स्वतःचे कमरेपर्यंतचे केस पिंजारून आरशासमोर बसायची वेळ आली. नवऱ्याने एकदा वेणी घालून पाहिली. त्याने ती तारेचा दोर वळावा तशी घट्ट वळली, टोकाला गाठ मारली आणि ओढून पाहिली. नंतर ती गाठ कात्रीने कापावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं खाली आल्या.

वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नव्हतं. शाळेच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी आणि रसायनं सांभाळण्यात सगळी नोकरी गेली, आणि निवृत्त झाल्यावरही त्यांचा स्वभाव तसाच राहिला होता, काटेकोर आणि कमी बोलणारा. त्या वरच्या मजल्यावरच्या एकाच खोलीत राहायच्या. पूर्वी त्या खालीच असत, आत्ता जिथे पार्लर होतं त्या पुढच्या खोलीत. पार्लर काढायचं ठरलं तेव्हा त्या एक शब्द न बोलता आपला पलंग आणि पुस्तकं घेऊन वर गेल्या. भांडण झालं नाही. पण पार्लरताईंच्या मनात ते तेव्हापासून सलत होतं. वन्सं पार्लरच्या खुर्चीत कधी बसल्या नाहीत, केस नेहमी स्वतःच कापले, आणि जेवणाखेरीज खाली रेंगाळल्या नाहीत. त्यांनी आपल्याला माफ केलेलं नाही, असा तिने अर्थ लावला होता.

त्या दिवशी वन्संनी तिला बुटक्या स्टुलावर बसायला सांगितलं आणि वेणी घातली. सैल नाही, घट्ट नाही. मग वर निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. तिसऱ्या दिवशीही.

ती अगदी गोंधळून गेली. ही माया म्हणावी तर इतकी वर्षं कुठे होती? आणि खिजवणं म्हणावं तर बोटं इतकी हलकी कशी? नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, ताई आहे ती, तिला काय विचारायचं. यातून काय समजायचं ते तिला समजलं नाही.

बँकेतल्या बाईंच्याच सांगण्यावरून ती मग मोठ्या इस्पितळाच्या फिजिओथेरपी विभागात गेली. तो तळघरात होता. लांबट खोली, पडद्यांनी वेगळे केलेले पलंग, भिंतीला शिड्या, छताला कप्प्या, आणि कोपऱ्यात रबराचे मोठमोठे चेंडू. तपासणारी मुलगी तिची लेक शोभावी एवढ्या वयाची होती. पायात पळायचे बूट, केस घाईत वर बांधलेले. ते कडेने निसटत होते आणि पार्लरताईंचं सगळं लक्ष आधी तिथेच गेलं.

थेरपिस्टने तिला हात स्वतः वर करायला सांगितलं. तो अर्ध्यावर अडला. मग थेरपिस्टने आपल्या हाताने तो हळूच उचलून पाहिला, आणि तरीही तो तिथेच अडला. बाहेरच्या बाजूला वळवून पाहिला, तर मुळीच वळेना.

"स्लिंग कोणी दिलं?" तिने विचारलं. उत्तर ऐकून तिने स्लिंग काढून घडी घालून पार्लरताईंच्या पिशवीत ठेवलं.

खांद्याच्या सांध्याभोवती पिशवीसारखं एक आवरण असतं, तिने समजावलं. ते सुजतं, मग आक्रसतं, मग बऱ्याच महिन्यांनी पुन्हा सैल पडत जातं. याला फ्रोझन शोल्डर म्हणतात. कंगवा धरल्यामुळे झालं का, तर तसं म्हणता येत नाही. मग कशामुळे, तर तेही नक्की सांगता येत नाही. साखर तपासलीत का?

पार्लरताईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. खांद्याचा आणि साखरेचा काय संबंध? पण तपासणी झाली आणि साखर वाढलेली निघाली. म्हणजे खांदा दाखवायला गेलेली बाई दोन दुखणी घेऊन घरी आली, आणि त्यांतलं एक तर तिला कधी जाणवलंही नव्हतं.

उपचार सुरू झाले. आधी गरम पॅक, मग थेरपिस्ट खांद्याचं हाड दोन्ही तळव्यांत धरून अगदी थोडं थोडं सरकवायची, अडलेला ड्रॉवर हलक्या हाताने मागेपुढे करावा तसं. घरी करायचे व्यायाम वेगळे. उजव्या हाताने टेबल धरून वाकायचं आणि डावा हात खाली सोडून घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायचा. काठी दोन्ही हातांत धरून चांगल्या हाताने आजारी हाताला ढकलायचं. भिंतीवर बोटांनी चढायचं. आणि दारावरच्या कप्पीतून दोरी घेऊन एका हाताने दुसऱ्याला वर ओढायचं. दुखू द्यायचं, पण थोडंच. व्यायाम थांबवल्यावर लवकर शमलं तर ठीक, रेंगाळलं तर जास्त झालं समजायचं.

"थोडंच म्हणजे किती?" पार्लरताईंनी विचारलं.

"ते तुम्हालाच कळेल, काकू."

पण तिला ते कळत नव्हतं, तीच तर अडचण होती. आधीचा म्हणाला होता हलवू नका, ही म्हणत होती हलवा. आधी दुखणं म्हणजे धोका होता, आता दुखणं औषधासारखं मोजून घ्यायचं होतं आणि मोजायला माप नव्हतं. ती व्यायाम करता करता थांबायची आणि स्वतःशीच विचार करायची, हे थोडं आहे की जास्त?

कप्पी नवऱ्याने बसवली. त्याला फार आनंद झाला, कारण अखेर त्याच्या समजेतलं काहीतरी निघालं होतं. स्वयंपाकघराच्या दारावर ती इतकी भक्कम ठोकली होती की तिला एखादी छोटी लिफ्ट लटकली असती. आणि वन्सं, वेणी घालून झाल्यावर, वर न जाता तिथे थांबू लागल्या. ही दोरी ओढायची आणि त्या बाजूला उभ्या राहून बघायच्या. "खांदा कानाकडे चाललाय," त्या म्हणायच्या. "खाली घे." प्रयोगशाळेत मुलांच्या हातातली परीक्षानळी वाकडी झाली की बहुधा त्या अशाच म्हणत असतील. व्यायामाची वेळ चुकली की जिन्यावर त्यांची पावलं वाजायची.

काही महिन्यांनी दुखणं ओसरलं. ठणका गेला, झोप लागू लागली. पार्लरताईंनी दारावरची पाटी काढली, मोजक्या बायकांना बोलावलं, आणि तळघरात गेली ती हसतच. थेरपिस्टने कोनमापक लावून हात मोजला आणि मागची नोंद काढून पाहिली.

"दुखत नाहीये, म्हणजे बरं होतंय ना?"

"दुखणं कमी झालंय हे खरं. पण हात मागच्या वेळेपेक्षा कमी वर जातोय. दोन्ही खरं आहे, काकू. या आजारात हा टप्पा येतोच."

आजवर तिला एवढंच ठाऊक होतं की दुखलं की बिघडलं आणि दुखायचं थांबलं की सुधारलं. आता तेही हाताशी राहिलं नाही. सगळ्यांना सांगून झालं होतं की मी बरी झाले. आणि आता काय सांगायचं, की दुखत नाही म्हणून समजू नका? ती बसने घरी आली, बसमध्ये डावा हात उजव्या हातात धरून बसली, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता आणि सांभाळायला दिला होता.

घरी येऊन तिने ठरवलं की आता दुखत नाहीच, तर कसर कशाला ठेवायची. डाव्या मनगटाला दोरी बांधली आणि दुसरं टोक वन्संच्या हातात दिलं.

"ओढा," ती म्हणाली.

वन्संनी विचारलं, थेरपिस्टने असं सांगितलंय का? पार्लरताई म्हणाली, हो. वन्संनी ओढलं. आणखी, ही म्हणाली. त्यांनी आणखी ओढलं. मग खांद्यात काहीतरी पेटल्यासारखं झालं, आणि ती खालीच बसली.

पुढचे कित्येक दिवस जुना ठणका परत आला. थेरपिस्टने सगळे व्यायाम थांबवून फक्त लंबक ठेवला. ओरडली नाही, पण पुन्हा असं करू नका एवढं तिने दोनदा सांगितलं. वन्सं मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी खाली आल्याच नाहीत. दुपारी आल्या, पार्लरच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तू खोटं सांगितलंस. मी विचारलं होतं."

"हो."

"मला वाटलं मी हात मोडला तुझा."

पार्लरताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा एवढा उतरलेला तिने पाहिला नव्हता. आणि बहुधा दुखण्याने ती हळवी झाली होती म्हणून असेल, मनात इतके दिवस अडकलेलं तिच्या तोंडून निघून गेलं.

"वन्सं, तुम्ही हे सगळं का करता? खोली घेतली मी तुमची. तुम्ही रागावून वर गेलात. मग माझी वेणी का घालता?"

वन्सं आत आल्या आणि बाकावर बसल्या. पार्लरमध्ये त्या पहिल्यांदाच बसत होत्या.

"रागावून?" त्या म्हणाल्या. "मी रागावून वर नाही गेले. या खोलीत दिवसभर कोणी ना कोणी ये-जा करायचं. तुझं लग्न होऊन तू आलीस तशी माणसं आणखी वाढली. वर गेले तेव्हा मला पहिल्यांदा शांत झोप लागली."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू विचारलं नाहीस."

पार्लरताईंना खरं मानावं की नाही ते कळेना. खरं असेल, तर इतकी वर्षं जे ओझं तिने बाळगलं ते उगाचच. आणि ही थाप असेल, आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून मारलेली, तर वन्संनी ती थाप मारावी यालाही काही अर्थ होता. ती हसली की रडली हे तिचं तिलाही नंतर सांगता आलं नसतं. वन्संनी उठून स्टूल ओढलं आणि दुपारीच वेणी घातली.

त्यानंतर घाई कोणी केली नाही. ठणका पुन्हा बसला, पुन्हा गरम पॅक, पुन्हा हलक्या हाताने सरकवणं, पुन्हा भिंत. साखरेसाठी चालणं आणि गोळी. आणि एक दिवस शांपूची बाटली हवी म्हणून तिने फळीवरून ती काढली. केस धुऊन झाले, टॉवेल गुंडाळून झाला, तेव्हा तिच्या लक्षात आलं की ती बाटली वरच्या फळीवर होती आणि काढली ती डाव्या हाताने. तिने बाटली परत ठेवून पुन्हा काढून पाहिली. खुर्चीतल्या बाईंना वाटलं, शांपू संपला.

हात पुरता आला असं नाही. पाठीमागे अजून कमरेच्या वर जात नव्हता. पण कोनमापक दर वेळी थोडा थोडा पुढे सरकू लागला. आता श्रेय कोणाला, यावर घरात एकमत नव्हतं. नवऱ्याच्या मते तेलाने. बाकावरच्या बायकांपैकी प्रत्येकीच्या मते तिने सांगितलेल्या उपायाने. पार्लरताईंनी थेरपिस्टलाच विचारलं. ती म्हणाली, व्यायामाने, साखर ताब्यात आल्याने आणि नुसत्या दिवस जाण्यानेही. कशाने किती, हे वाटून सांगता येणार नाही. पार्लरताईंना आभार मानायचे होते, पण ते कुठे ठेवायचे हे तिला समजेना. शेवटी तिने थेरपिस्टला तळघरातल्याच एका खुर्चीत बसवून तिचे ते निसटणारे केस नीट कापून दिले. कात्री ती सोबत घेऊनच गेली होती.

केस बांधता येऊ लागल्यावर वन्सं सकाळी यायच्या थांबल्या. चार-सहा सकाळी पार्लरताईंनी जिन्याकडे कान लावला. मग एका रविवारी, काही कारण नसताना, ती स्वतःच वर गेली. त्या खोलीत ती क्वचितच गेली असेल. पलंग, खिडकीशी टेबल, पुस्तकांची कपाटं, सगळं जागच्या जागी. वन्संनी काय हवंय म्हणून विचारलं. ती म्हणाली, काही नाही. मग वन्सं म्हणाल्या की आलीच आहेस तर कपाटावरचा तो डबा खाली काढून दे. माझा हात तेवढा वर जात नाही.

"कधीपासून?" पार्लरताईंनी विचारलं.

"झालं वर्षभर तरी. वयाने होतं."

पार्लरताई उभी होती ती तशीच राहिली. वर्षभर. म्हणजे वेणी घालत होत्या तेव्हाही. दोरी ओढली तेव्हाही. त्या मुळीच बोलल्या नव्हत्या, आणि हिने, दिवसाला दहा वेळा खांदा हा शब्द उच्चारणाऱ्या बाईने, कधी पाहिलं नव्हतं. पण दुखण्याबाबत आता तिला पक्की माहिती होती. तिने वन्संना चार गोष्टी सुनावल्या, लंबक करून दाखवला, भिंतीवर बोटं चढवून दाखवली, आणि सांगितलं की घाबरू नका, हेच ते, मला सगळं पाठ आहे.

पुढच्या खेपेला ती वन्संनाही इस्पितळात घेऊन गेली. तळघरात थेरपिस्टने वन्संना उजवा हात वर करायला सांगितलं. तो खांद्यापर्यंत येऊन थरथरू लागला. मग थेरपिस्टने तो आपल्या हाताने उचलला, आणि तो सरळ कानापाशी गेला. कुठेही न अडता.

पार्लरताईंनी पुढे वाकून पाहिलं. तिचा हात दुसऱ्याने उचलूनही गेला नव्हता. हा जात होता. सोडला की मात्र पडत होता.

"हे तुमच्यासारखं नाही, काकू," थेरपिस्ट म्हणाली. "यांचा सांधा मोकळा आहे. हाताला वर नेणारा स्नायू हाडाला जिथे जोडलेला असतो तिथे झिजलेला दिसतोय. सोनोग्राफी करून बघू. आणि ते भिंतीवर चढणं, दोरी ओढणं, ते यांनी सध्या करायचं नाही."

"पण खांदाच ना हा?" पार्लरताई म्हणाली.

वन्सं पहिल्यांदाच हसल्या.

आता दोघींचे व्यायाम स्वयंपाकघरातच होतात. वन्संना रबरी पट्टा मिळाला आहे. कोपर कमरेशी दाबून धरायचं आणि तो पट्टा हळूहळू बाहेर ओढायचा, वर मुळीच जायचं नाही. पार्लरताईंना अजून वर जायचंच आहे. ही भिंतीवर चढत असताना त्यांना सांगते, कोपर सुटलं, आणि त्या पट्टा ओढत तिला सांगतात, खांदा कानाकडे चाललाय. मध्येच कोणाला काय सांगितलंय याची गल्लत होते, दोघी थांबतात आणि थेरपिस्टला फोन लावतात. नवरा दारातून बघतो आणि तेलाची बाटली कुठे ठेवलीय म्हणून विचारतो. गेल्या मोजणीत वन्संचा हात थोडा वर गेला. पार्लरताईंचा होता तिथेच होता. असं का, ते तिने विचारलं नाही.